‘मूळव्याध’ हे नाव सांगू नका, रक्त कसे जाते ते सांगा

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या भगिनी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका गावात राहतात. वय ४९. गेल्या पावसाळ्यात रोप लावणीच्या दिवसांत परसाकडे गेल्यावर शेवटी लालभडक रक्ताचे थेंब पडू लागले, त्याला आता सहा महिने झाले. अलीकडच्या दोन महिन्यांत कधी कधी रक्त शौचात मिसळलेले असते, सोबत शेंबासारखा चिकट पदार्थ जातो, आणि जाऊन आल्यावरही पोट पुरते साफ झाले नाही असे वाटत राहते. दुखत मात्र काहीच नाही. घरातल्या सर्वांच्या मते ही ‘रक्ती मूळव्याध’ आहे आणि ती अंगातल्या उष्णतेमुळे झाली आहे. सुरण खाऊन झाला, ताक पिऊन झाले, आठवडी बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडून पुड्या आणून झाल्या. आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन ८.४ निघाले, पाळी अनियमित असल्याने तिच्यामुळेच रक्त कमी झाले असावे, असे ठरले आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यानंतर शौचाचा रंग काळा झाला. गुडघेदुखीसाठी त्या मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून घेतात. थोरल्या भावाचे ४८ व्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले होते, ‘पण तो तंबाखू खायचा’. मुलीचे लग्न वैशाखात आहे. पुरुष डॉक्टरांपुढे तपासणीला जाण्याची लाज, कन्नडमधून नीट सांगता न येण्याची धास्ती आणि ‘एकदा दाखवले की ऑपरेशनच सांगतात’ ही भीती, यांमुळे त्या विचारतात: लग्न होईपर्यंत हेच औषध चालू ठेवले तर चालेल का?

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात सर्वांत जास्त वेळा भेटला तो ‘मूळव्याध’ हा शब्द. दुसऱ्या वाचनात मी एवढेच शोधत गेलो की हा शब्द तुम्हाला दिला कोणी. प्रथम तो जाऊबाईंनी उच्चारला, कारण त्यांना स्वतःला तो त्रास होऊन गेला होता. मग यजमानांनी, मग पुडीवाल्याने. आणि आरोग्य केंद्रात तुम्ही स्वतःच ‘मूळव्याधीचा त्रास आहे’ असे सांगितलेत म्हणून केसपेपरवरही तेच लिहिले गेले. सहा महिन्यांत हे नाव इतक्या तोंडून फिरले, पण रक्त जिथून येते ती जागा एकदाही कोणी पाहिलेली नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देतो. लग्नापर्यंत थांबू नका. या आठवड्यात तपासून घ्या, आणि तुमच्या बाबतीत नुसत्या वरवरच्या तपासणीवर न थांबता मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करून घ्यावी लागेल असे गृहीत धरा. हे मी तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. तुमच्या तक्रारीची साधी, औषधाने बरी होणारी कारणेही अनेक आहेत. पण त्यांतले नेमके कोणते, हे घरी बसून, किंवा माझ्यासारख्याने पत्र वाचून, ठरवता येत नाही.

मूळव्याध हा खोटा आजार नव्हे. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाला जन्मतःच असतात. कुंथण्याने, बद्धकोष्ठाने, बाळंतपणांनी किंवा वयाने त्या फुगतात, खाली सरकतात आणि शौचाच्या घर्षणाने त्यांतून लाल रक्त ठिबकते. त्यांनाच आपण मोड किंवा कोंब म्हणतो. हा त्रास इतका सर्रास आढळतो की पन्नाशीच्या माणसाला तपासले तर पुष्कळदा थोडेफार मोड सापडतात, आणि नेमकी तिथेच फसगत होते. आतड्यात वर कुठे गाठ आहे आणि खाली मोडही आहेत, असे रुग्ण आम्हाला नेहमी दिसतात. रक्ताचा आळ मात्र मोडांवर जातो आणि वरची गाठ निवांत वाढत राहते. मोड सापडले म्हणून रक्त मोडांतूनच येते, असे होत नाही.

ही फसगत फक्त रुग्णांचीच होते असे समजू नका. २७ वर्षांपूर्वी, मी नवा असताना, बाजाराच्या दिवशीच्या गर्दीत एका शेतकरी गृहस्थांना न तपासताच मूळव्याधीचे मलम लिहून दिले होते. त्यांनी आजाराचे नाव इतक्या खात्रीने सांगितले की मला हातमोजा घालावासा वाटला नाही. चार महिन्यांनी ते परत आले तेव्हा बोट घालताच गाठ लागली. ते पुढे ऑपरेशन होऊन बरे झाले, पण ते चार महिने माझ्या खाती आहेत. तेव्हापासून ‘मूळव्याध’ म्हणत आत आलेल्या प्रत्येकाला मी एकच विनंती करतो: नाव बाजूला ठेवा, रक्त कसे जाते ते सांगा.

ते ‘कसे’ म्हणजे काय, हे तुमच्याच पत्रातून दाखवतो. शेवटी थेंब पडतात, शौचाचा रंग नेहमीचा असतो आणि रक्त वेगळे, लालभडक दिसते, हे वर्णन गुदद्वाराजवळच्या कारणाकडे बोट दाखवते, आणि पहिले चार महिने तुमचे असेच होते. शौचाला जाताना काच कापल्यासारखी कळ, ती नंतर तास-दोन तास टिकणे आणि रक्ताची नुसती एक रेघ, हे गुदद्वाराला पडलेल्या चिरेचे, म्हणजे फिशरचे वर्णन. शेजारी पुळी होऊन ती फुटते, पू येतो, थांबतो, पुन्हा येतो, ते भगंदर. परंतु रक्त शौचात मिसळलेले असणे, सोबत शेंब जाणे आणि पोट साफ न झाल्याची भावना सतत राहणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की संशय मोडांवरून वर, गुदाशयाकडे आणि मोठ्या आतड्याकडे सरकतो. तिथे आतड्याच्या अस्तराला सूज असू शकते (अल्सरेटिव्ह कोलायटिस हा त्यातला एक आजार), जुनी आव असू शकते, आपल्याकडे आतड्याचा क्षयही विसरून चालत नाही, पॉलिप नावाची मांसल वाढ असू शकते आणि कॅन्सरही असू शकतो. तुमच्या पत्रातील खरी बातमी शेवटच्या दोन महिन्यांत आहे, आणि ती तुम्ही ओझरती लिहून पुढे गेला आहात.

‘दुखत नाही, म्हणजे गंभीर नाही’ असे तुम्ही लिहिता. या अवयवाच्या बाबतीत हा हिशेब बहुधा उलटा लागतो. गुदद्वाराच्या कडेपासून साधारण दोन सेंटिमीटर आत एक सीमारेषा आहे. तिच्या खालच्या भागाला त्वचेसारखी वेदना कळते, तिच्या वरच्या अस्तराला तशी कळत नाही. म्हणूनच एवढीशी चीर माणसाला रडवते, आतले मोड न दुखता ठिबकतात, आणि गुदाशयातली गाठही पुष्कळ मोठी होईपर्यंत दुखत नाही. वेदना नाही यावरून रक्त त्या रेषेच्या वरून येत असावे, एवढाच अंदाज करता येतो. ते कशामुळे येते हे त्यावरून कळत नाही.

उष्णतेबद्दल मी वाद घालणार नाही, कारण तो शब्द आपल्या घरांत दाहापासून तोंड येण्यापर्यंत सगळ्यालाच पुरतो. खर्ड्याने किंवा ठेच्याने मोड निर्माण होत नाहीत. ते चिरेवर झोंबतात, हे खरे. सुरणाचे संस्कृतातले एक नावच ‘अर्शोघ्न’, म्हणजे मूळव्याध नाहीशी करणारा, असे आहे. सुरण खाल्ल्याने तुमचे काही बिघडलेले नाही, पण सुरणाला गाठ शोधता येत नाही. पुड्यांबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: ज्या पुडीवर घटक, बनवणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहिलेली नाही, ती पोटात घालू नका. आणि पुढे तोच माणूस किंवा त्याच्यासारखा दुसरा कोणी ‘एका इंजेक्शनने कायमची सुट्टी’ म्हणाला, तर तिथून निघून या. अशा जाळणाऱ्या इंजेक्शनांनी गुदद्वाराला जखमा होऊन ते अरुंद झालेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि ते दुरुस्त करणे मूळ आजारापेक्षा अवघड असते. शिकलेल्या, नोंदणीकृत वैद्यांची गोष्ट निराळी. भगंदरावरील क्षारसूत्राचा, म्हणजे औषधी दोऱ्याचा, उपचार भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने चाचणी करून तपासलेला आहे आणि योग्य हातात तो चांगला उपचार आहे. पण चांगला वैद्यही आधी तपासतो.

आता हिमोग्लोबिन. तुमच्या वयाच्या स्त्रीचे ते १२ च्या वर असायला हवे, तुमचे ८.४ आहे. पाळीत जास्त रक्त जात असेल तर ते कमी होऊ शकते, मोडांतून बरेच दिवस रक्त ठिबकले तरी होऊ शकते. परंतु शौचावाटे रक्त जात असताना सगळा दोष पाळीला देऊन टाकणे ही घाई झाली. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच, पण ते आतड्याच्या तपासणीच्या ऐवजी नको, तिच्या जोडीला हवे. पाळी अनियमित असलेल्या वयात रक्त नेमके कोणत्या मार्गाने आले, याचाही गोंधळ होतो. शंका असेल तेव्हा योनीमार्गाजवळ स्वच्छ कापूस ठेवून शौचाला गेलात, तर तो कोरा राहतो की डागतो यावरून अंदाज येतो. लोहाच्या गोळ्या मात्र मूळ कारण सापडलेले नसले तरी चालू ठेवा, रक्ताची भरपाई हवीच आहे.

काळ्या शौचाचे मात्र नीट पाहा. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट-हिरवट होते, पण त्याचा आकार आणि वास नेहमीसारखाच असतो. ते रस्त्याच्या डांबरासारखे काळे, चकचकीत, चिकट, पाणी ओतूनही भांड्याला धरून राहणारे आणि विलक्षण दुर्गंधी असेल, तर ते जठरातून किंवा त्याच्या पुढच्या आतड्यातून आलेले, पचलेले रक्त असते. तुमच्या बाबतीत ही शंका घेण्याचे कारण गुडघ्याच्या गोळ्या आहेत. लावणीच्या दिवसांत कंबर-गुडघे धरतात म्हणून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या पट्टीच्या पट्टी खाणाऱ्या बायाबापड्या आपल्या तालुक्यात घरोघरी आहेत; या गोळ्यांनी जठराला व्रण होतो आणि तो गुपचूप वाहू शकतो. आजपासून त्या बंद ठेवा आणि गुडघ्यासाठी दुसरे काय घेता येईल ते डॉक्टरांना विचारा. (हृदयविकार किंवा पक्षाघातानंतर रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या ज्यांना दिलेल्या असतात, त्या वाचकांनी मात्र त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, रक्त दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.)

पत्रातील ज्या वाक्याने मी थबकलो ते तुमच्या भावाबद्दलचे आहे. ‘पण तो तंबाखू खायचा’ असे म्हणून तुम्ही त्याचा आजार त्याच्यापुरता ठेवला आहे. तंबाखूने अनेक कॅन्सरांचा धोका वाढतो, हे खरेच. परंतु सख्ख्या भावाला पन्नाशीच्या आत आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर बहिणीचा धोका इतरांपेक्षा जास्त धरला जातो, मग तिने आयुष्यात सुपारीचे खांडही तोंडात घातलेले नसो. अशा घरांसाठी सर्वसाधारण नियम असा आहे की आई-वडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कोणाला हा आजार झाला असेल, तर काहीही त्रास नसतानाही कोलोनोस्कोपी वयाच्या ४० व्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाला आजार कळला त्या वयाच्या १० वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा सुरू करावी. तुमच्या बाबतीत ४८ मधून १० वजा केले की ३८ येतात. म्हणजे रक्ताचा एक थेंबही दिसला नसता, तरी ही तपासणी ११ वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती. तुम्हाला हे कोणी सांगितले नाही, यात तुमची चूक नाही. काही घराण्यांत आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या, तरुण वयात येतो. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. म्हणून माहेरच्या बाजूला आत्या, काका, आजी यांना काय झाले होते तेही विचारून ठेवा.

‘एकदा दाखवले की ऑपरेशनच सांगतात’ या भीतीला उत्तर म्हणून तपासणीच्या खोलीत काय घडते तेच सांगतो. डाव्या कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात, अंगावर चादर असते आणि जेवढे लागते तेवढेच उघडे करतात. डॉक्टर हातमोजा घालून बोटाला जेली लावतात, आधी बाहेरून चीर वा पुळी आहे का ते पाहतात, मग तुम्हाला तोंडाने लांब श्वास सोडायला सांगून हळूच बोट आत घेतात. ते साधारण सात-आठ सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. गुदाशयाच्या खालच्या भागात गाठ असेल तर बहुधा बोटालाच लागते. मग प्रॉक्टोस्कोप नावाची छोटी नळी घालून मोड पाहतात. सगळे मिळून दोन-तीन मिनिटे. अवघडल्यासारखे वाटते, शौचाला लागल्याचा भास होतो, पण चीर नसेल तर दुखत नाही. स्त्री डॉक्टर मागण्यात काही गैर नाही. त्या नसतील तर पुरुष डॉक्टर तपासत असताना खोलीत स्त्री हजर असावी, हा तुमचा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही नोंदलेला आहे. नर्सबाईंना थांबायला सांगा, किंवा लेकीला आत घ्या. आणि एक ध्यानात ठेवा, बोटाने तपासणारा डॉक्टर दिवसभरात अशी दहा माणसे पाहतो. तुम्हाला जी गोष्ट जन्मभराची लाज वाटते, ती संध्याकाळपर्यंत त्याच्या लक्षातही राहत नाही.

कन्नडची धास्ती मी समजू शकतो. सीमाभागात दवाखान्यातल्या खिडकीवर भाषा अडली की माणूस निम्मी तक्रार गिळून परततो, आणि उरते ते एका शब्दाचे नाव. इथे गंमत अशी आहे की ‘मूळव्याध’ कन्नडातही जवळपास तोच शब्द आहे, ‘मूलव्याधी’, त्यामुळे तो सहज तोंडून निघतो आणि सहज लिहूनही घेतला जातो. पण ‘रक्त’ हा शब्दही दोन्ही भाषांत एकच आहे. तोच वापरा. त्याहून चांगले म्हणजे एका कागदावर लिहून न्या: केव्हापासून, किती वेळा, थेंब की धार, वेगळे की मिसळलेले, शेंब आहे का, वजन घटले का, कोणत्या गोळ्या चालू, भावाला काय झाले होते. तुमची मुलगी शाळेत कन्नड शिकलेली असेल तर तिच्याकडून त्याच कागदाच्या पाठीमागे कन्नडमध्ये लिहून घ्या. दुधाचा हिशेब लिहितो त्या दिनदर्शिकेवर रक्त दिसलेल्या दिवशी लाल टिंब केलेत, तर दोन आठवड्यांत डॉक्टरांना शंभर शब्दांचे काम करणारा कागद तयार होतो. पण त्या टिंबांसाठी आता थांबायचे नाही.

जायचे कुठे? प्रथम खानापूरच्या तालुका रुग्णालयात किंवा बेळगावच्या सिव्हिलमध्ये सर्जनना दाखवा. बीपीएल रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत असू द्या. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेवरच्या, कुटुंबाला ठरलेल्या खर्चाच्या ३० टक्के, दीड लाखांपर्यंत. तातडीची वेळ नसेल तर खाजगी रुग्णालयात या योजनेतून जाण्यासाठी सरकारी रुग्णालयाचे रेफरल पत्र लागते, म्हणून सुरुवात सरकारी रुग्णालयातून केलेली बरी. योजनेत ऑपरेशन बसते पण नुसती तपासणी बसते का, हे आधी खिडकीवर विचारून घ्या. महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला, पण त्यावरून दोन्ही सरकारांत तणातणी झाली. तिच्या भरवशावर कोल्हापूरला निघण्यापूर्वी त्या रुग्णालयात फोन करून विचारा. प्रवासाचे म्हणाल तर शक्ती योजनेमुळे कर्नाटकातल्या कर्नाटकात राज्याच्या साध्या बसला तुम्हाला तिकिटाचे पैसे लागत नाहीत.

कोलोनोस्कोपीची खरी कटकट तपासणीत नसून आदल्या दिवशी असते. आतडे स्वच्छ करण्यासाठी मोठ्या प्रमाणात औषधी पाणी थोड्या थोड्या वेळाने प्यावे लागते आणि मग शौचाला अनेकदा पळावे लागते. हे पाणी गावी पिऊन सकाळी बसने बेळगावला येण्याचा बेत करू नका. वडगाव, शहापूर, अनगोळ अशा कुठल्या पै-पाहुण्यांकडे आदल्या रात्री मुक्कामाला या, आणि त्यांच्या घरी संडास एकच असेल तर तेही आधी सांगून ठेवा. लोहाच्या गोळ्या तपासणीच्या साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात, कारण त्यांनी आतड्याला काळा थर येतो. तपासणीच्या वेळी गुंगीचे औषध देतात, अर्धा-पाऊण तास लागतो, आणि त्याच दिवशी घरी जाता येते. सोबत मात्र माणूस हवा. पॉलिप दिसला तर बहुधा त्याच वेळी दुर्बिणीतून काढून तपासायला पाठवतात. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षे लागतात आणि सगळ्यांचा होतही नाही. म्हणून तो काढणे म्हणजे पुढचा कॅन्सर आधीच टाळणे होय.

आता लग्नाकडे येऊ. वैशाखाला तीन महिन्यांहून जास्त अवधी आहे. नुसते मोड निघाले तर ज्वारीची भाकरी, पालेभाजी, भरपूर पाणी, रात्री पेलाभर पाण्यातून दोन चमचे इसबगोल, कुंथणे आणि संडासात मोबाइल घेऊन बसणे बंद, एवढ्यावरही पुष्कळांचे भागते. नाही भागले तर मोडाच्या मुळाशी रबराची छोटी रिंग बसवतात. ओपीडीत होते, भूल लागत नाही, आठवडाभरात मोड सुकून गळून पडतो. आतड्याला सूज किंवा क्षय निघाला तर गोळ्या सुरू होऊन वैशाखापर्यंत तुम्हाला बरे वाटू लागेल. आणि कॅन्सर निघाला, तर आतड्याच्या भिंतीपुरता मर्यादित असताना सापडलेले बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात, त्यामुळे तिथे हे तीन महिने सर्वांत मोलाचे आहेत. यांपैकी एकाही शक्यतेत थांबल्याने लग्न सुकर होत नाही. ८.४ हिमोग्लोबिन आणि रोजचा रक्तस्राव घेऊन मांडवात चार दिवस उभे राहणे काय असते, याचाही विचार करा. यजमानांना हे पटवणे जड जात असेल तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

तुमच्यासारखेच पत्र न लिहिता गप्प बसलेले वाचक पुष्कळ असतील, त्यांच्यासाठी थोडे. वाटीभर रक्त किंवा रक्ताच्या गाठी जाणे, उठताना अंधारी येणे, थंड घाम, छातीत धडधड, डांबरी शौच, ताप आणि पोटात असह्य कळा, यांपैकी काही असेल तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा; जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसात गाडी यायला वेळ लागतो, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीची सोयही त्याच वेळी करा. चाळिशी उलटलेल्या माणसाला पहिल्यांदाच रक्त दिसले, किंवा शौचाची सवय तीन आठवड्यांहून अधिक काळ बदलली, वजन घटले, हिमोग्लोबिन कमी निघाले, तर एक-दोन आठवड्यांत तपासून घ्या. पंचविशीतल्या मुलाला खडा होऊन, कळ येऊन रक्ताची रेघ दिसली तर ती बहुधा चीर असते. कोमट पाण्यात बसणे आणि शौच मऊ ठेवणे यांनी ती भरते, पण दोन आठवड्यांत थांबली नाही तर त्यानेही तपासून घ्यावे, तरुण म्हणून सूट नाही. लहान मुलांत न दुखता रक्त जाते ते पुष्कळदा साध्या पॉलिपमुळे. तान्हे बाळ मात्र थांबून थांबून पाय पोटाशी घेत कळवळून रडत असेल आणि रक्तमिश्रित शेंब जात असेल, तर आतडे आतड्यात शिरलेले असू शकते. तिथे तासांचा हिशेब असतो. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी पूर्वी शेक (रेडिएशन) घेतलेल्या स्त्रियांना काही महिन्यांनी, वर्षांनीही रक्त जाऊ शकते. त्यांनी शेकाचे जुने कागद डॉक्टरांना दाखवावेत. आणि बीट खाल्लेल्या दिवशीच्या लाल रंगाने घाबरून धावत आलेलेही मी पाहिले आहेत. हसून परत जाणे मला केव्हाही चालते.

ताई, निघण्यापूर्वी एक काम करा. भावाच्या ऑपरेशनचे कागद, विशेषतः बायोप्सीचा रिपोर्ट, वहिनींकडे असतील. ते मागवून घ्या, तुमच्या डॉक्टरांना त्यांचा उपयोग होईल. आणि फोनवर भाच्यांची वयेही विचारा. त्यांच्यासाठीही आकडा ३८ चाच आहे.